गेट्झेलच्या ताटातलं मांस

माझा धाकटा दीर गेट्झेल आमच्याकडे जेवायला आला की आधी स्वयंपाकघरात शिरून माझ्या सुऱ्या तपासायचा. नखावरून पातं हळूच ओढायचा आणि तोंड वाकडं करायचा. "वहिनी, ह्याने कांदासुद्धा कापू नकोस गं, त्याला दुखेल." मग जेवायला माणसं ताटकळली तरी चालेल, पण हा दगडावर सुरी घासत बसणार. माझ्या सासऱ्यांनीच त्याला ती विद्या दिली होती. तेही आयुष्यभर धर्माच्या नियमाने जनावरं कापत आले. पात्याला केसाएवढी जरी खोट लागली तरी ते जनावर कोशर होत नाही, आम्हा ज्यूंपैकी कुणी ते खायचं नाही. सासरे सांगायचे, एकच हात फिरला पाहिजे आणि जनावराला कळता कामा नये. बाकीचे कापणारे हा नियम नियम म्हणून पाळतात. गेट्झेल तो जनावरासाठी पाळायचा. माझ्या मते त्याचं चुकलं असेल तर एवढंच.

तेराव्या अव्हेन्यूवर आमचं मांसाचं दुकान आहे. आमचे हे मागे मांस तोडतात, मी पुढे गल्ल्यावर असते. बायका यायच्या, बोटाने दाखवायच्या, "हे गेट्झेलच्या हातचं ना?" असं विचारायच्या आणि निमूट घेऊन जायच्या. ब्रुकलिनमध्ये एवढा विश्वास लोक डॉक्टरवरही टाकत नाहीत.

पुढे जवळचा जुना कत्तलखाना बंद पडला आणि गेट्झेलला पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या कारखान्यात जावं लागलं. सोमवारी पहाटे व्हॅन यायची, गुरुवारी दुपारी परत आणून सोडायची. तिथे गाय एका लोखंडी पिंपात शिरते, पिंप उलटं फिरतं, मान वर येते आणि हा सुरी फिरवतो. ह्याने हात मागे घेतला न घेतला तोच दुसरा कामगार आकड्याने तिचा गळा ओढून बाहेर काढतो, रक्त लवकर वाहून जावं म्हणून. मग पिंप पुन्हा फिरतं आणि जनावर फरशीवर पडतं. पडलेल्यांतली काही उठायची. गळा लोंबत असताना उभी राहायची, चालायची, भिंतीला डोकं लावून दार शोधायची. गेट्झेलने हे मला सांगितलं तेव्हा त्याच्यापुढचा चहा गार झाला होता आणि मला मधेच त्याला थांबवावंसं वाटत होतं. प्रत्येक गाईनंतर तो नखावर पातं तपासायचा. पात्यात खोट कधीच सापडली नाही.

त्याने मॅनेजरला सांगून पाहिलं की जनावर पडू दे, शांत होऊ दे, मग आकडा लावा. मॅनेजरने मागे लागलेली गाईंची रांग दाखवली. मग तो कारखान्यावर देखरेख करणाऱ्या रब्बींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे गेला. त्यांनी विचारलं, तुझा हात बरोबर पडला का? पडला. मग मांस कोशर आहे, त्यापुढचं काम कामगारांचं. नियमाने हे अगदी खरं होतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मला राग येतो तो ह्याचाच.

गेट्झेलने मांस सोडलं हे सगळ्यांत आधी मला कळलं. मांस विकणाऱ्या बाईपासून कुणाच्या घरी काय शिजतं ते लपत नाही. त्याची बायको झिस्ल दर गुरुवारी एका माणसाचा वाटा कमी घ्यायला लागली आणि शेजारच्या दुकानातून मासे जास्त. मी विचारलं तर म्हणाली, ह्यांना पित्त झालंय. सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात कुणीतरी कपड्यात कॅमेरा लपवून कारखान्यात शिरलं आणि ते सगळं जगभर झालं. आमच्या दुकानात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. फेगा नावाचं एक गिऱ्हाईक म्हणालं, मी काही पाहिलेलं नाही, पण ते सगळं खोटं आहे. दुसरी म्हणाली, बाहेरच्यांच्या कत्तलखान्यांत काय गाईंना अंगाई म्हणतात? आपलं म्हटलं की बरे ह्यांचे कॅमेरे निघतात. तेही खोटं नव्हतं. इट्टा नावाची शाळामास्तरीण मात्र कुजबुजत विचारून गेली, जिथे जनावरांना नीट वागवतात तिथलं काही मिळेल का. एका लहान शेतावरचं थोडं मांस मी ठेवत असे, महाग होतं. तिने एकदा नेलं. पुढच्या गुरुवारी ती काचेपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग नेहमीचंच छातीचं मांस घेतलं. "सहा पोरं आहेत हो, हिंडाबाई," म्हणाली. मी तिला दोष दिला नाही. शुक्रवारपर्यंत सगळ्यांचा राग आणि सगळ्यांची दया एकाच पातेल्यात शिजत होती.

हे वादळ शमलं असतं, पण गेट्झेल मांस खात नाही ही गोष्ट बाहेर फुटली. बाहेरच्यांना ह्यात काही वाटणार नाही. आमच्यात वाटतं. फार पूर्वी एक पंथ निघाला होता म्हणे, जनावर मारणंच पाप मानणारा. तेव्हापासून रब्बी सांगत आले आहेत की कापणाराच मांसापासून दूर राहू लागला तर त्याच्या हातावर विश्वास ठेवू नये. पित्तासाठी सोडलं तर चालतं. जीव कळवळला म्हणून सोडलं, तर नाही. तसं ठरलं असतं तर गेट्झेलचा परवाना जाणार होता, आमच्या दुकानातलं मांस संशयात येणार होतं आणि ते ज्या ज्या पातेल्यात शिजलं तीही. त्यातून त्याच्या लेकीचं, पेस्लचं लग्न नुकतंच ठरलेलं. नवऱ्यामुलाच्या बापाने, आन्शेलने, आमच्या वस्तीच्या रब्बींकडे निरोप धाडला होता की एकदा काय ते स्वच्छ कळू द्या.

आमचे हे भावाला समजवायला गेले. परत आले. मी खोदून विचारल्यावर म्हणाले, "मी त्याला म्हटलं, एक घास खा आणि लोकांची तोंडं बंद कर. तर मलाच विचारतो, दादा, तू कधी तिथे येऊन पाहिलंयस का?" ह्यांनी तेव्हा पाहिलं नव्हतं, अजूनही पाहिलेलं नाही.

शनिवारी, म्हणजे आमच्या शब्बातच्या, विसाव्याच्या दिवशी दुपारी गेट्झेलच्या घरी आन्शेलचं कुटुंब जेवायला आलं आणि रब्बीही आले. स्वयंपाकघराच्या बाजूला आम्ही बायका बसलो होतो. रात्रभर मंद आचेवर राहिलेलं चोलंट आलं, बटाटे, घेवडा आणि मोठाले मांसाचे तुकडे. मांस आमच्याच दुकानातलं होतं. रब्बींनी स्वतः पळी उचलली आणि गेट्झेलच्या ताटात वाढलं.

"गेट्झेल, तुझ्या भरवशावर सगळी वस्ती जेवते," रब्बी म्हणाले. आवाज प्रेमळ होता, तो माणूस वाईट नाही. "तुझ्या मनात काही असेल तर आत्ता बोल."

गेट्झेल म्हणाला, "मांस कोशर आहे, रब्बी. मी कधी नाही म्हटलं?"

"मग जेव."

त्याने पेस्लकडे पाहिलं. पोरगी टेबलावरच्या चादरीची कड बोटाला गुंडाळत होती. गेट्झेलने तुकडा उचलला आणि खाल्ला. सावकाश चावला, गिळला, दुसरा घेतला. ताट पुसून स्वच्छ केलं. आन्शेलने सुस्कारा सोडला, कुणीतरी शब्बातचं गाणं सुरू केलं आणि पुरुष टेबलावर ताल धरू लागले. झिस्ल उठून आत गेली. मी मागोमाग गेले तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. माझ्या दिराला माझ्यादेखत काहीतरी केलं गेलं होतं आणि मी तिथे बसून बटाटे खात होते.

पेस्लचं लग्न झालं, थाटात झालं. कारखान्यात पिंप फिरतंच आहे. गेट्झेल सोमवारी जातो, गुरुवारी येतो. मॅनेजरला किंवा रब्बींना त्याने पुन्हा काही सांगितल्याचं मी ऐकलं नाही. मात्र आता गुरुवारी झिस्ल येत नाही. तो स्वतः येतो, तेही ऐन गर्दीत, बायका रांगेत असताना, आणि मोठ्याने मांस मागतो.

मागच्या हिवाळ्यात एकदा मला राहवलं नाही. मी काचेवरून वाकून हळूच विचारलं, लहानसा तुकडा बांधू का रे, कागदात कुणाला कळणार नाही.

"नको, वहिनी," तो म्हणाला. "चांगला मोठा दे. लोक बघतायत."

मी मोठा दिला.