शेवटी पांढरा कोट नको

“शेवटी तिचा नंबर लागलेला दाखवा,” संचालक सर म्हणाले. “पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तेवढा एक शॉट द्या. बाकी गाणं तुमच्या मनासारखं करा.”

आम्ही लातूरच्या ट्युशन एरियात त्यांच्या केबिनमध्ये बसलो होतो. मेडिकल प्रवेशाचा त्यांचा मोठा क्लास. माझा इथे छोटा व्हिडिओ स्टुडिओ आहे. त्यांच्या क्लासच्या जाहिराती मीच करायचे. शिवाय नांदेडच्या एका कॉलेजात मीडियाच्या मुलांना शिकवायला जाते. त्यातलीच दोघं माझ्या शेजारी होती, वैष्णवी आणि ओंकार. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यांना पॉप गाण्याचा व्हिडिओ करायचा होता.

गाणं वैष्णवीनं लिहिलेलं आणि तिनंच गायलेलं. चाल ओंकारची. वैष्णवी उमरीजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. याच सरांच्या क्लासला बसून तिनं दोनदा नीट दिली होती. दोन्ही वेळा नंबर लागला नाही. म्हणून गाण्याचा हूकच होता: ‘नीट गेली, तरी मी नीट हाय!’ हूक म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यातून निघता निघत नाही ती ओळ. ही तर पहिल्यांदा ऐकली तेव्हाच माझ्या डोक्यात जाऊन बसली होती.

सर क्लासची इमारत द्यायला तयार होते. लाइट्स, ड्रोन, गर्दी म्हणून उभी राहायला पोरं. फक्त शेवट त्यांना हवा तसा.

“सर, ज्यांचा नंबर लागला न्हाई त्यांचं गाणं हाय हे,” वैष्णवी म्हणाली.

“मग बघणार कोण ते?”

“ज्यांचा लागला न्हाई ते. तेच जास्त हायेत की.”

सर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, यांना समजावा. पुढच्या बॅचची जाहिरात आपल्याला सोबतच करायची आहे.”

समजलं मला.

स्टुडिओत आल्यावर ओंकार कुरकुरला. “ड्रोन मिळून राहिला होता मॅडम. एका कोटानं काय होतं?”

व्हिडिओचं प्लॅनिंग शेवटाकडून करायचं, असं मी शिकवते. शेवटचा शॉट ठरला की आधीचे शॉट, कपडे, जागा सगळं त्याच्यामागे येतं. म्हणून मी वैष्णवीला विचारलं, “कोट नको, तर मग काय आहे शेवटी?”

“गाणं संपतं. पण ती नाचतच राहते. म्युझिक न्हाई, काही न्हाई. नुसते पाय.”

“गाणं संपलं की पोरं थांबत नाहीत गं. बोटानं वर सरकवतात.”

“मंग सरकवू द्या.”

 ओंकार म्हणाला, “बरं. नको ड्रोन.”

मी सरांना फोन केला. शेवट बदलणार नाही, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, “मग इमारत विसरा. जाहिरातीचंही मी बघतो.” फोन ठेवला आणि मी दुसरी जागा शोधायला लागले.

जागा दिली हॉस्टेलवाल्या काकूंनी. वैष्णवी पूर्वी त्यांच्याकडेच राहायची. गच्ची द्यायला त्यांच्या दोन अटी. पोरींचे वाळत घातलेले कपडे काढायचे नाहीत, आणि आवाज करायचा नाही. खाली पोरी अभ्यास करतात.

कपड्यांचं सोपं होतं. चादरी आणि ओढण्यांमधूनच नाचायचं ठरलं. आवाजाचं अवघड. शूटिंगला गाणं स्पीकरवर मोठ्यानं लावतात, त्याला प्लेबॅक म्हणतात. त्यावर ओठ हलवायचे, पाय टाकायचे. प्लेबॅक नाही तर सगळ्यांचे पाय एकत्र पडणार कसे?

वाट ओंकारनं काढली. नाचणारीच्या कानात वायरलेस इअरफोन, वरून मोकळे केस. ओंकारनं टाळी दिली की सगळ्यांनी आपापल्या फोनवर गाणं एकदम सुरू करायचं. वैष्णवीबरोबर हॉस्टेलच्या तीन मुली तयार झाल्या. तिघीही रिपीटर, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्या.

दोन टेक बिघडले. तिसऱ्याला पाय जुळले. बाहेरून बघणाऱ्याला दिसत होतं ते असं: भर उन्हात चार पोरी बिनगाण्याच्या नाचताहेत. समोरच्या हॉस्टेलांच्या खिडक्या उघडायला लागल्या.

तेवढ्यात जिन्यातून एक गृहस्थ वर आले. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी, हातात पिशवी. वैष्णवी थबकली. “बाबा?”

“काल तुझ्या सरांचा फोन आला होता. म्हणले, उद्या पोरगी काकूंच्या गच्चीवर नाचणार हाय.”

“हाव. नाचून राहिले.”

“अन् गाण्यात म्हणती, दोनदा नापास झाले. गावाला ठावं न्हाई ते. काय सांगू मी?”

“तेच सांगा, बाबा. खरं हाय ते.”

“लाज न्हाई वाटत?”

“दोन वर्षं लई वाटली. आता न्हाई वाटत.”

 मी पुढे झाले. “काका, तुम्ही म्हणत असाल तर आज थांबू.”

“थांबायचं न्हाई,” वैष्णवीच म्हणाली. “ओंकार, कॅमेरा लाव.”  आणि इअरफोन तिनं कानात घातला.

वडील पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. बरोबर फ्रेमच्या मधोमध. ओंकारनं त्यांना हळूच बाजूला व्हायची विनंती केली.

“न्हाई. हितंच बसतो मी,” ते म्हणाले. “बघू द्या मला.”

बापलेक दोघंही सारखीच. मी ओंकारला खूण केली: असू दे.

टाळी पडली. चौघी नाचल्या. गाणं संपलं तशा तिघी थांबल्या, वैष्णवी नाचत राहिली. पायांचा आणि तिच्या श्वासांचा आवाज तेवढा. मागे वडील, पिशवी मांडीवर, चेहरा दगडासारखा. ती दमून गुडघ्यांवर हात टेकून वाकली, तेव्हा ते म्हणाले, “झालं का? पाणी पी.”

हे वाक्य रेकॉर्ड झालं. व्हिडिओ तिथेच संपतो.

परीक्षकांनी शेवट लांबला म्हणून मार्क कापले. नेटवर मात्र पोरं तोच शेवट एकमेकांना पाठवत सुटली. खाली कमेंटमध्ये कुणी किनवटहून लिहिलं, कुणी उदगीरहून: मी पण. माझं पण. टाकीवर बसलेले काका कोण, हे तर सगळ्यांनाच हवं होतं. काकांनी गावात काय सांगितलं, ते मला माहीत नाही. वैष्णवीनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

सरांची जाहिरात दुसऱ्या स्टुडिओकडे गेली. ती मी पाहिली. पांढरे कोट भरपूर आहेत.

वर्गात आता मी एक गोष्ट जास्तीची शिकवते: शेवट बदलायच्या अटीवर फुकट मिळणारं लोकेशन सगळ्यात महाग पडतं.