सखी तक्त्यावरचे माझे चार दिवस

साहेबांनी माझ्या पाळीच्या तारखा अख्ख्या लाइनसमोर वाचून दाखवल्या.

सकाळची मीटिंग. चाळीस माणसं उभी. भिंतीवर तक्ता, साहेबांच्या हातात लांब पट्टी. "या आपल्या काकी. फायनल इन्स्पेक्शन. जूनमध्ये चुकीचा पार्ट पास केला, गुलाबी दिवस. सप्टेंबरमध्ये, गुलाबी दिवस. परवा, पुन्हा गुलाबी दिवस." प्रत्येक स्टिकरवर पट्टी टक्कन वाजली. मग साहेब माझ्याकडे बघून हसले. मायेनं. "काकी, तुमचा दोष नाही. हार्मोन्सचा आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या हातात माप घ्यायचं व्हर्निअर होतं. ते मी इतकं आवळून धरलं की त्याचा जबडा अंगठ्यात रुतला.

आता मला विचाराल तर हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात विनोदी प्रसंग आहे. मी तो कुरुळीतल्या आमच्या चाळीत पट्टीसकट करून दाखवते. बायका लोटपोट होतात. पण त्या सकाळी मला घाम फुटला होता. कारण तक्त्यावरची एकही तारीख खरी नव्हती, आणि ते सांगायची मला सोय नव्हती.

मागे जावं लागेल थोडं.

मी बीडकडची. लग्नानंतर ऊसतोडीला जायची. पाळीचे दिवस आले की अंग दुखायचं, खाडा व्हायचा, मुकादमाचं तोंड सुटायचं. अठ्ठाविसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाका, कटकट संपेल. पिशवी काढली. सोबत दोन्ही अंडाशयंही काढली, हे मला टाके काढल्यावर कळलं.

नंतरचं वर्ष धुक्यात गेलं. अंगातून वाफा निघायच्या. चुलीवर काय ठेवलंय ते आठवायचं नाही. म्हणून हार्मोन्सचा डोक्याशी काही संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. असेल. पण त्याच धुक्यात मी शेजारणीकडे ब्लाउज बेतायला शिकले. सपाट कापड बघायचं आणि ते अंगावर उलटून, वळून, बाही लागून कसं बसेल ते डोक्यात फिरवायचं. डावी बाही उजवीकडे एकदाच लागली. पुन्हा नाही.

मग चाकण. कंपनीच्या भरतीच्या फॉर्मवर रकाना होता: पूर्वी काही ऑपरेशन झालं आहे का? माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईनं खरं लिहिलं. 'वजन उचलता येणार नाही' म्हणून तिला परत पाठवलं. मी लिहिलं, नाही.

अकरा वर्षं त्या 'नाही'वर मी नोकरी केली.

गेल्या वर्षी महिला दिनाला एक पाहुणे आले. पडद्यावर त्यांनी दोन मेंदू दाखवले, एक गुलाबी, एक निळा. बाईचा मेंदू बोलण्यात हुशार. पुरुषाचा मेंदू वस्तू डोक्यात फिरवण्यात हुशार. महिन्याच्या त्या चार दिवसांत तर बाईचं लक्षच लागत नाही. तासभर चाललं. माझ्या शेजारी रुखसाना बसली होती. आमच्याच टेबलावरची, मोशीची, वय पंचवीस. ती माझ्या कानात म्हणाली, "काकी, हा माणूस तासभर थांबेना. याचा मेंदू कुठल्या रंगाचा?"

आम्हाला गुलाबाचं एकेक फूल मिळालं. दुसऱ्या दिवशी तक्ता लागला. वर नाव, 'सखी तक्ता'. इन्स्पेक्शनच्या सगळ्या बायकांची नावं, आणि आपापल्या चार दिवसांवर गुलाबी स्टिकर लावायचे. साहेब म्हणाले, "तुमच्याच सोयीसाठी. त्या दिवसांत तुम्ही तपासलेले पार्ट दुसरं कुणीतरी पुन्हा तपासेल. तुमच्यावर ताण नको."

सगळ्यांनी लावले. माझी ओळ कोरी.

आठवड्यानं साहेबांनी विचारलं, "काकी, तुमचं काय?" आता सांगा, काय बोलू? बंद झाली म्हणावं, तर कधीपासून, कशी, हे कंपनीचा डॉक्टर विचारणार. पोटावरचा टाक्यांचा व्रण बघणार. फॉर्मवरचं 'नाही' बाहेर येणार. मी म्हणाले, "विसरलेच की साहेब," आणि स्टिकर घेतले.

पण तारखा कुठून आणू? घरी कॅलेंडर बघितलं. संकष्टी. दर महिन्याला येते, थोडी पुढे-मागे सरकते, अगदी खऱ्यासारखी. ठरलं. संकष्टीपासून चार दिवस माझे. मुकादमाला माझी पाळी नको होती म्हणून ती गेली. साहेबांना हवी होती म्हणून मी ती परत आणली. कागदाची.

हे फक्त रुखसानानं पकडलं. एकदा जेवताना माझा डबा बघून म्हणाली, "काकी, एक विचारू? तुमची पाळी दर वेळी साबुदाण्याच्या खिचडीच्या दिवशीच कशी येते?"

मला ठसका लागला. नाकातून शेंगदाणा आला. तिला मी सगळं सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला. म्हणाली, "मग रोज त्या तक्त्यासमोरून कशा जाता तुम्ही?"

जात होते. त्याच्याकडे पाठ करून.

अशात स्टँडर्ड रूमची जागा निघाली. पार्टची बारीकात बारीक मापं घेणाऱ्या मोठ्या मशीनची खोली. आजवर तिथे बाई नाही. मला ती खोली हवी होती. ड्रॉइंग बघून पार्ट डोक्यात उलटा करायचा, आतलं भोक कुठे निघेल ते सांगायचं, अशी परीक्षा झाली. मी पहिली आले. ब्लाउजच होतं ते, लोखंडाचं.

आणि त्याच आठवड्यात ही मीटिंग.

पट्टी ठेवून साहेब म्हणाले, "म्हणून यंदा स्टँडर्ड रूमला पुरुषच घेतोय. हे मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतं. तीन चुका, तिन्ही गुलाबी."

मी तक्ता बघत राहिले आणि एकाएकी मला दिसलं. तिन्ही चुका गुलाबी का? कारण माझे पार्ट फक्त गुलाबी दिवसांत पुन्हा तपासले जात होते. बाकीचे सव्वीस दिवस कुणी उघडून बघितलंच नव्हतं. पुरुषांचे तर बाराही महिने नाही. जिथे शोधलं तिथे सापडलं. आणि शोधायचं कुठे, ते संकष्टीनं ठरवलं होतं.

तोंड उघडलं तर अकरा वर्षांची नोकरी जाईल, हे मला ठाऊक होतं. रुखसाना माझ्याकडे बघत होती. तिची ओळ माझ्या खालीच होती. तिचे स्टिकर खरे होते.

मी पुढे गेले. माझे स्टिकर नखानं एकेक करून काढले. निघता निघत नव्हते.

"साहेब, माझी पाळी एकोणीस वर्षांपूर्वी गेली. पिशवी नाही, अंडाशयं नाहीत. या तारखा मी कॅलेंडरात संकष्टी बघून लावल्यात. तुमच्या विज्ञानाला गणपतीनं फसवलं."

हशा झाला. मोठा. आता साहेबांवर. मला वाटलं, जिंकले.

साहेब लाल झाले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्यात हार्मोन्सच नाहीत? मग तर काकी, आणखी अवघड आहे."

हसू थांबलं. मला कळलं, या खोलीला दार नाही. हार्मोन्स आहेत, बाई नापास. हार्मोन्स नाहीत, बाई नापास. चाळिशीला कमी होतात, नापास. गरोदरपणात वाढतात, नापास. माप बदलत राहणार, निकाल तोच.

मी म्हणाले, "पुरुषांचेही पार्ट तीन महिने दोनदा तपासा. मग तक्ता लावा. मी तुमच्यासमोर वाचून दाखवते. पट्टी माझ्या हातात द्या."

संध्याकाळी नोटीस आली. खोटी माहिती दिल्याबद्दल. खरंच होतं ते. मी खोटी माहिती दिली होती, दोनदा. खरी मागायचा त्यांना हक्क नव्हता, हे मात्र नोटिशीत कुठे लिहिलेलं नाही.

मला पॅकिंगला टाकलं. नोकरीचा निकाल अजून लागलेला नाही. स्टँडर्ड रूममध्ये माझ्यापेक्षा कमी मार्कांचा माणूस बसला आहे. तक्ता अजून भिंतीवर आहे. रुखसानानं त्या महिन्यापासून स्टिकर लावला नाही, म्हणून तिलाही समज मिळाली आहे. बाकीच्या लावतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. मी वर्षभर लावलेत, तेही नसलेल्या पाळीचे.

पण दर महिन्याला मी स्टँडर्ड रूमच्या जागेसाठी नवा अर्ज देते. सोबत परीक्षेच्या मार्कांची प्रत. अर्जात खाली एक रकाना आहे: आरोग्यविषयक माहिती. तिथे मी आता 'नाही' लिहीत नाही आणि खरंही लिहीत नाही. पट्टी घेते, पेन दाबते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारते. परवा एचआरची मॅडम म्हणाली, "काकी, हे भरावंच लागेल."

मी म्हणाले, "ड्रॉइंग द्या. ते वाचून दाखवते. माझ्या पोटातलं कुणालाही वाचू देणार नाही."