झेंड्यांची दोरी

चार नंबर लेनसाठी मी हात वर केला, तेव्हा मुख्य पाहुण्यांच्या गळ्यातले हार अजून उतरले नव्हते. मुलींची शंभर मीटर बॅकस्ट्रोक ही उद्घाटनानंतरची पहिलीच शर्यत. हात वर केला म्हणजे पोहणारीची चूक झाली, रेफरींनी इकडे यावं. त्यात नवल काही नाही, माझं कामच ते. नवल असं की माझ्या डावीकडच्या टर्न जजचाही हात वर होता, आणि पार टोकाच्या लेनवाल्याचाही. एकाच शर्यतीत, एकाच भिंतीवर तीन हात मी कधी पाहिले नव्हते.

मी इथेच, मध्य प्रदेशातल्या देवासला, शाळेत पीटी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पोहण्याच्या स्पर्धांना टर्न जज म्हणून जाते. घरचे याला 'भिंतीवरची नोकरी' म्हणतात. तलावाच्या टोकाला उभं राहायचं आणि मुलं वळतात कशी ते बघायचं. फ्रीस्टाइलला फार डोकं लागत नाही. शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की झालं. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. खरी भांडणं होतात ती बॅकस्ट्रोकला. यात पाठीवरच राहायचं असतं. फक्त वळताना पालथं होता येतं, पण पालथं झालं की लगेच हात ओढून कोलांटी घ्यायची आणि पुन्हा पाठीवर होऊनच भिंत सोडायची. पालथं झाल्यावर पाय मारत मारत भिंत गाठणं चालत नाही.

चार नंबरची शर्वरी नेमकी तशीच गेली. पालथी झाली, हात ओढला, आणि भिंत आलीच नाही. मग बिचारी पाय मारत भिंतीशी पोचली. मी स्वच्छ पाहिलं होतं. रेफरी सबनीस सरांना तसं सांगितलं. शर्वरी बाद झाली, आणि बाकीच्या दोघीही.

शर्वरी बदनावर गावची, सराव धारला करणारी. या शर्यतीतल्या पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि तिच्याकडे ही एकच शर्यत होती. ऐन सोयाबीनच्या दिवसांत मंडीतलं दुकान बंद ठेवून तिचे आईवडील आले होते. ती टॉवेल गुंडाळून उभी होती. रडत नव्हती, आणि मला त्याचाच जास्त त्रास होत होता.

तिचे कोच मोघे सर माझ्याकडे आले. धारच्या जुन्या मराठी घरातले, बोलणं अगदी नेमस्त.

"ताई, राग नका मानू. पण बाद झालेल्या तिघीही बाहेरगावच्या. देवासची एकही नाही. लोक काय बोलतील, तेवढं सांगतो."

राग नका मानू म्हटलं की माणसाला तो हटकून येतो.

"सर, मी जे पाहिलं त्याला हात वर केला. गाव बघून करत नाही."

"मॅडम, मी गिनूनच मारले," शर्वरी मध्येच म्हणाली. "झेंड्यांनंतर चार हात, मग पलटी. सकाळी वॉर्म-अपमध्ये पण तेच केलं. तेव्हा भिंत बरोबर आली."

उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. म्हणून भिंतीपासून पाच मीटरवर, तलावाच्या वरून, दोन्ही काठांवरच्या खांबांना एक आडवी दोरी बांधतात. तिच्यावर छोटे तिकोनी झेंडे असतात. झेंडे डोळ्यांवरून गेले की हात मोजायचे आणि वळायचं. उताण्या माणसाचा सगळा भरवसा त्या दोरीवर.

मी वर पाहिलं. दोरी छान ताणलेली होती, काटकोनात. संशयाला जागा नव्हती. तरी मोघे सरांचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून मी तंबूवाल्याकडून टेप मागवला. सबनीस सरांनी एक टोक धरलं, मी दुसरं. दोरी भिंतीपासून जवळजवळ सात मीटरवर निघाली. तोंड माझंच बंद झालं.

आयोजकांना बोलावलं. सगळं गाव त्यांना पप्पू भिया म्हणतं. माणूस भला, कामाला वाघ.

"मैडम, वो खंभा भाईसाब के फोटो पे आ रिया था," ते म्हणाले. भाईसाब म्हणजे मुख्य पाहुणे. त्यांचा भलामोठा बॅनर तलावाच्या कडेला उभा होता. "ठीक नाक पे. तो वॉर्म-अप के बाद थोड़ा सरका दिया."

"आणि समोरचा खांब?"

"एक ही सरकाते तो रस्सी टेढ़ी दिखती ना. अच्छा थोड़ी लगता है."

नुसता एक खांब हलवला असता तर तिरकी दोरी आम्हाला शर्यतीआधीच दिसली असती. टापटीप नडली.

मग देवासच्या मुली कशा वाचल्या? मी ईशाला विचारलं. ईशा माझ्याच शाळेची, शर्यतीत दुसरी आलेली.

"मॅडम, आपण तर नीम बघून पलटतो ना," ती म्हणाली. तलावावर झुकलेली कडुनिंबाची फांदी तिने दाखवली. "झेंडे कोण बघतं?"

सबनीस सरांनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिला.

"मुलींची चूक झाली हे खरं. पण ती आपल्या दोरीने करवली. शर्यत पुन्हा घ्यायची, आठही जणींची."

ईशाची आई तिथेच उभी होती. "और जिसने सही किया, उसको सज़ा?" तिने हा प्रश्न सरांना विचारला, पण बघत माझ्याकडे होती. टेप मीच मागवला होता. ईशा किती दमली होती, तेही मला दिसत होतं.

खांब परत जागेवर गेले. एक बरोबर भाईसाबांच्या नाकावर. पप्पू भिया त्या बाजूला पाठ करून बसले.

मुलींना विश्रांती देऊन दुपारी शर्यत झाली. मी पुन्हा चार नंबरवर. शर्वरी झेंड्यांखालून गेली, चार हात मारले, पालथी झाली, कोलांटी घेतली आणि पाठीवर भिंत सोडून निघून गेली. माझा हात खालीच राहिला. इतकं बरं मला त्या दिवसात पहिल्यांदाच वाटलं.

शर्वरी दुसरी आली. ईशा तिसरी.

मोघे सरांनी येऊन हात जोडले. ईशा पुढे बरेच दिवस शाळेत मला बघून वाट बदलायची. मग एका संध्याकाळी मी तलावावर गेले, तर ती पाठीवर पोहत होती आणि मोठ्याने हात मोजत होती, झेंड्यांपासून.

आता टेप माझ्या पर्समध्येच असतो. स्पर्धेच्या सकाळी मी दोरी मोजून घेते. आणि मुख्य पाहुणे खुर्चीत बसले की पुन्हा एकदा मोजते.