परिषदेच्या पाहुण्यांना मी दिलेल्या सूचना

माझ्या सांगण्यावरून निघालेला माणूस आजवर कधी हरवला नाही. ते चार वक्तेही हरवले नाहीत. फक्त जिथे भाषण होतं तिथे वेळेवर पोहोचले नाहीत, एवढंच.

माझी सून अर्चना परभणीतल्या एका कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी तिथे शेतजमीन या विषयावर परिषद ठरली आणि बाहेरगावच्या वक्त्यांचं काम प्राचार्यांनी तिच्यावर टाकलं. (बाकीचे सगळे आधीच आजारी पडून मोकळे झाले होते.) नीट पार पडलं तर ती विभागप्रमुख होणार. नाही पडलं तर त्या खुर्चीवर टपलेला एक चोंबडा मास्तर तयारच होता.

अर्चना माहेरची साताऱ्याची. वक्त्यांना पाठवायचा सूचनांचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली.

"आई, तुम्ही इथे पन्नास वर्षं काढलीत. काही राहिलंय का बघा."

सगळंच राहिलं होतं! ‘फोनवरचा नकाशा पाहावा’ असं लिहिलं होतं तिने.

"खोड ते," मी म्हटलं. "तो नकाशा माणसाला कापसाच्या रानात नेऊन सोडतो. आन् स्टेशनाच्या पुढून निघू नका म्हणाव, लय गर्दी हाय. मागून निघा."

"आणि ऑटोवाल्याला कॉलेज माहीत नसलं तर?"

"नसतंच. गावाबाहेर कोन जातंय मरायला? लिही, पाठक गुरुजींचं घर विचारा. तिथून पुढं मी लावते रस्त्याला."

पाठक गुरुजी म्हणजे आमचे हे. निम्म्या परभणीला त्यांनी पाढे शिकवले आणि उरलेल्या निम्मीला छड्या दिल्या. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण पत्ता अजून चालू आहे. अर्चना घाईत होती. तिने सगळं लिहिलं आणि कागद चौघांना पाठवून दिला.

परिषदेच्या दिवशी ती पहाटेच कॉलेजात गेली. साडेआठला दारात ऑटो थांबला. ऑटोवाला सलीम ओरडला, "मावशी, तुमचे मेहमान!"

टाय लावलेले एक गृहस्थ उतरले. "आजी, कॉलेजला कसं जायचं?"

आता आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहाआधी रस्ता दाखवला, तर तो हाकलून दिल्यासारखं होतं. म्हणून चहा टाकला. नुसता चहा बरा दिसत नाही, म्हणून सुशीला, आमच्याकडचा फोडणीच्या मुरमुऱ्यांचा नाश्ता, करायला मुरमुरे भिजवले. तेवढ्यात दुसरा ऑटो! नागपूरचे गृहस्थ. पुन्हा चहा. पहिल्यांना एकटं कसं घालवायचं? मग आल्या हैदराबादच्या बाई. मुरमुरे संपले, शेजारच्या शोभाकडून आणले. शेवटी आले मुख्य वक्ते. कॉलेजची गाडी हार घेऊन स्टेशनाच्या पुढे उभी, आणि हे शहाणे माझं ऐकून मागून निघालेले!

"आजी, साडेनऊला उद्घाटन आहे ना?" टायवाल्यांनी विचारलं.

"बोलनारे सगळे इथं हायत. तुमच्याबिगर सुरू कोन करतंय?"

चौघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. शिकलेली माणसं, लगेच पटलं!

जेवताना-खाताना फोन नाही, हा आमच्या घरचा कायदा. चौघांचे फोन बंद करून मी कोनाड्यात ठेवायला लावले होते. माझा आत चार्जिंगला. सव्वादहाला मीठ आणायला आत गेले तर अर्चनाचे एकोणीस कॉल.

"आई!" ती रडवेली झाली होती. "एकही वक्ता आलेला नाही! दोनशे माणसं बसलीत, स्वागतगीत दोनदा म्हणून झालं. तो मेला मास्तर प्राचार्यांच्या कानाला लागलाय. संपलं माझं सगळं!"

"काई संपलं न्हाई. चौघं इथंच हायत. एकाला दुसऱ्यांदा वाढायलेय."

पलीकडून एकच शब्द आला, "पाठवा." इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी बारा वर्षांत बोलली नव्हती. मी घाबरले!

सलीमच्या ऑटोत मागे चार विद्वान कोंबले, पुढे मी रस्ता दाखवायला. (रस्ता सलीमला माहीत होता. हे आधी का नाही बोललास म्हटलं, तर म्हणतो, "तुमी इचारलंच न्हाई, मावशी.") अकराला पोहोचलो. अर्चनाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण माणसाचं पोट भरलेलं असलं की तो गोड बोलतो. मुख्य वक्ते माईकवर म्हणाले, "इतक्या परिषदा फिरलो, पण पाहुण्यांची अशी सोय कुठेच नाही. अर्चनाबाईंनी आम्हाला थेट घरी जेवू घातलं!" टाळ्या पडल्या. प्राचार्य खूश, मास्तर काळा-निळा. महिन्याभरात अर्चना विभागप्रमुख झाली.

खुर्चीवर बसल्यावर तिने पहिला निर्णय माझ्याबद्दलच घेतला. यंदाच्या परिषदेआधी घराला कुलूप लावून मला झरीला लेकीकडे पोहोचवायचं आणि समारोप झाल्यावरच परत आणायचं. त्यासाठी तीन प्राध्यापकांची समिती नेमली आहे. मुख्य वक्त्याला गावात आणायला एवढी माणसं लागत नाहीत, जेवढी मला गावाबाहेर काढायला लागतायत!