कालवांकाकीची माफी

कालवांकाकी पाहुण्यांवर ओरडायची, आणि तिचं ओरडणं ऐकायला पाहुणे दुसऱ्यांदा यायचे. गावातले लोक हल्ली तिची आठवण अशीच हसत हसत काढतात. "काय मजेशीर बाई होती!" म्हणतात. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मजेशीर नव्हती ती. रागीट होती, आणि तिच्या रागाला दर वेळी कारण असायचं. ते कारण समजून घेण्याची तसदी आम्ही कुणी घेतली नाही, म्हणून आता हसतो आहोत.

आमचं गाव म्हणजे मालवणच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी असलेलं एक लहानसं बेट. होडीशिवाय यायला वाट नाही. त्या काळात आगबोटीनं मालवणला उतरलेली मुंबई-पुण्याची माणसं हवापालटासाठी आमच्याकडे यायची. वडील गेल्यावर आईनं घरातच खाणावळ घातली होती, तिथं उतरायची. दोन दिवस माडाखाली बसून झालं की विचारायची, "इथं आणखी काय बघण्यासारखं आहे?" आई म्हणायची, "काकीबरोबर खडपावर जा." मी नुकतीच परीक्षा पास होऊन गावच्या शाळेत शिकवायला लागले होते. सुट्टी असली की आई मला सोबत धाडायची.

खडप म्हणजे ओहोटीला समुद्रातून वर येणारे काळे खडक. त्यांना कालवं घट्ट चिकटलेली असतात. काकी उकिडवी बसून लहान कोयतीनं ती फोडायची, आतलं मांस डब्यात टाकायची आणि गावात विकायची. पाहुण्यांना तिची पहिली आज्ञा चपला काढण्याची. एका वकीलसाहेबांनी बूट काढायला नकार दिला आणि चौथ्या पावलाला ते शेवाळावर आडवे झाले. काकी उठवायला गेली नाही. लांबूनच म्हणाली, "आता बुटांका इचारा, घर खंय आसा तां." वकीलसाहेब अनवाणी पुढे गेले. त्यांनी खडकावरून काढलेलं पहिलं कालव तिथंच उभ्याउभ्या खाल्लं, आणि मग दुसऱ्यासाठी काकीपुढे हात केला.

खाडीच्या बाजूला ती तिसऱ्या, म्हणजे चिखलात रुतलेले खायचे शिंपले, शोधायला शिकवायची. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, हात पाठीशी बांधायचे आणि पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा. "डोळ्यांनी नको बघू. पायान बघ," असं ती ओरडायची. मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं डोळे मिटून चिखलात पाय फिरवत उभी असत. बोटाला पहिली तिसरी लागली की लहान मुलासारखी किंचाळत. एखाद्यानं बारीकशी उचलली तर मात्र काकी खवळायची. "ती परत टाक! तिका अजून संसार करूचो आसा!" परत येताना पाटी पाहुण्यांनी डोक्यावर घ्यायची, हाही तिचा कायदा. ओल्या पाटीचं खारं पाणी सदऱ्याच्या कॉलरमधून पाठीवर उतरायचं. "आता कळला, कालवां ताटात कशी येतत?" असं विचारून ती पुढे चालू लागायची.

तिची एक हाक मात्र सगळ्यांनी ऐकायचीच असायची. "उठा! पाणी फिरलां!" भरती सुरू झाली हे तिला आमच्या आधी कळायचं. कसं, ते तिनं सांगितलं नाही. ती हाक आली की हातातलं कालव अर्धं सोडून निघायचं. आमच्या खडपाभोवती पाणी मागून येतं. समोर बघणाऱ्याला ते कळतच नाही.

त्या वर्षी गावच्या बंदरकचेरीत, जिच्या ताब्यात सगळा किनारा होता, घाटावरून एक नवे साहेब आले होते. त्यांचा मेहुणा पुण्याहून बायकोला घेऊन आला आणि आमच्याकडे उतरला. लग्नाला वर्षही झालं नसावं. गळ्यात कॅमेरा. खडपावर त्यानं एकाही कालवाला हात लावला नाही. बायकोला इथं उभी कर, तिथं बसव, पदर सोड, मान वळव, असं चाललं होतं. काकीची हाक आली तेव्हा त्यानं तिला अगदी टोकाच्या खडकावर उभं केलं होतं.

"पाणी फिरलां! येवा मागे!"

"एक मिनिट, बाई. जरा मोठी लाट येऊ द्या."

काकी दुसऱ्यांदा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली. त्या मुलीच्या घोट्याला पाणी लागलं होतं. ती नवऱ्याकडे बघत होती आणि तो काचेतून तिच्याकडे. "हलू नकोस!" तो म्हणाला. काकी उठली, तरातरा गेली आणि त्याच्या कानाखाली एक वाजवली. मग पाण्यात उतरून तिनं मुलीचं मनगट धरलं आणि तिला ओढत किनाऱ्याकडे निघाली. मी मागे, तो माझ्या मागे. आम्ही वाळूवर पोचून मागे बघितलं तेव्हा टोकाचा खडक दिसत नव्हता. मुलगी तिकडेच बघत बसली. नवऱ्यानं समुद्राकडे बघितलंच नाही. आपल्याला मार खाताना कुणी कुणी पाहिलं, ते तो बघत होता.

दुसऱ्या दिवशी काकीला कचेरीत बोलावणं आलं. आईला आणि मलाही. साहेब खुर्चीवर, मेहुणा शेजारी. मुलगी नव्हती. साहेब म्हणाले, "माफी मागा. नाहीतर उद्यापासून त्या खडकांवर पाय ठेवू देणार नाही."

काकी म्हणाली, "मारलंय मी. परत तसोच उभो रवलो तर परत मारीन. ह्येका बायलेपरास फोटो मोठो, नि तुमका जिवापरास मेवणो मोठो!"

तिचं मालवणी बोलणं रागात इतकं भरभर झालं की साहेबांना शब्द लागेना. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही शिक्षिका ना? काय म्हणतायत या?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत सगळी खाणावळ होती. काकीचं पोट त्या खडपावर होतं, हेही मला ठाऊक होतं. मी स्वच्छ, शाळेतल्या मराठीत म्हणाले, "त्या म्हणतात, चूक झाली. भीतीनं हात उठला. माफी असावी."

मेहुणा हसला. साहेब "ठीक आहे, जा" म्हणाले आणि शिपायानं दार उघडलं. काकी माझ्याकडे बघत राहिली. तिला मराठी येत नव्हती असं थोडंच होतं?

बाहेर पिंपळाखाली तिनं विचारलं, "माझां बोलणां तुका कळाक नाय?"

"कळलां, काकी."

"मगे?"

"तुझां खडप गेलां असतां."

"खडप माझां. तोंडय माझां," काकी म्हणाली. "तां तुका कोणी दिलां?"

तिनं माझा हात धरला आणि मला परत आत नेलं. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि हळू, एकेक शब्द सुटा करत बोलली. "साहेब, मी माफी मागितलेली नाही. ही मुलगी खोटं बोलली. मी यांना मारलं, कारण यांची बायको बुडाली असती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मारीन. आता कळलं ना?" तिच्या मराठीत एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

कळलं. त्याच संध्याकाळी मनाईचा हुकूम निघाला. सकाळी काकी तरीही खडपावर गेली. शिपायांनी तिची कोयती काढून घेतली आणि भरलेली पाटी वाळूत पालथी केली. सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. तिच्या हातची कालवं खाऊन वाढलेलं गाव! एकानंही तोंड उघडलं नाही. मीही उघडलं नाही. मला त्या साहेबाचा राग आहे, त्या फोटोवाल्याचा आहे, पण ती सकाळ आठवली की सगळ्यात जास्त राग त्या रांगेत उभ्या असलेल्या माझाच येतो.

आठवड्यानं काकी आणि तिचा नवरा शिरोड्याच्या बाजूला, तिच्या माहेरी जायला निघाले. मी धक्क्यावर गेले. दोन पेट्या, एक जाळं, एक कोंबडी असं त्यांचं सामान होडीत चढत होतं.

"काकी, माका माफ कर," मी म्हणाले.

ती अशी भडकली की होडीवाल्यानं वल्हं खाली ठेवलं. "परत माफी? ह्या गावाक दुसरो शब्द म्हायतच नाय? मी तुझ्यार रागावलंय, तर तू काय करतंस? रडतंस! रडान काय होता? गळो बरो आसा तुझो. पोरांका कविता शिकवतंस तेवां खाडीपलीकडे आयकाक येता. तो खंय गेलो त्या दिवशी?"

होडी सुटली. ती वळून बघेल असं मला वाटलं होतं. तिनं बघितलं नाही. त्यानंतर ती मला भेटली नाही. चारपाच वर्षांनी ती गेल्याची बातमी आली, तीही उशिरानं.

काकीनं गाव सोडलं त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईचं एक कुटुंब खाणावळीत उतरलं. साहेब अजून कचेरीतच होते. दुपारच्या पंगतीत त्या कुटुंबातले गृहस्थ म्हणाले, "इथं ती ओरडणारी बाई असते म्हणे, कालवंवाली. मित्रानं मुद्दाम सांगितलंय. तिचा कार्यक्रम कधी असतो?"

मी हातातलं आमटीचं भांडं खाली ठेवलं. आणि माझ्या तोंडून मालवणीच निघाली, जेवणघराच्या बाहेर जाईल एवढ्या आवाजात. तो कार्यक्रम नव्हता, ते तिचं पोट होतं. साहेबाच्या मेहुण्याच्या बायकोचा जीव वाचवला म्हणून तिला इथून हाकलली. साहेबानं हाकलली, गावानं बघितलं, आणि कचेरीत उभं राहून खोटं बोलले ती मी. हे सगळं, नावानिशी. शेजारच्या घरातली माणसं कुंपणाशी आली.

गृहस्थांचा घास हातातच राहिला. ते गोंधळून आईकडे वळले. "काय म्हणतायत या?"

आई भात वाढत होती. तिनं मान वर केली नाही. पुढच्या पानावर भात वाढला आणि म्हणाली, "तिलाच विचारा."