लागली अक्कलकोट!

मी रोज संध्याकाळी सोलापूरच्या एसटी स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीची वाट बघतो, आणि फौजीकाका बाकावर बसून आमची गंमत बघतात. फौजेतून रिटायर होऊन त्यांना जमाना झाला. जायचं कुठंच नसतं, तरी बूट पॉलिश केलेले आणि मांडीवर सुतळीनं बांधलेली पिशवी. तिची गाठ ते उगाच सोडतात, पुन्हा बांधतात. मग मध्येच खणखणीत ओरडतात, "लागली अक्कलकोट!" बायाबापड्या पोरं काखोटीला मारून पळतात. फलाटावर फक्त एक कुत्रं झोपलेलं असतं. काकांच्या मिशा तेवढ्या हलतात.

एकदा मी चिडलोच. "काका, ह्या वयात हे काय?"

"लढाई संपली तरी आमाला घरी सोडंनात की," ते म्हणाले. "घरी न्यायला ट्रक यायचा म्हनून रोज सकाळी वळकटी बांदायची, सांजच्याला सोडायची. मग मी वरडायचो, ट्रक आला! समदी पळायची. लई हसायचो."

"आणि खरा ट्रक आला तेव्हा?"

"दुसऱ्यानं वरडून सांगितलं. मला वाटलं, माजीच खोडी माज्यावर उलटवत्यात. पडून ऱ्हायलो. ट्रक गेला की!"

काल ते ओरडले, तेव्हा मी शहाण्यासारखा त्यांच्या शेजारी बसूनच राहिलो. थोड्या वेळानं अक्कलकोटची गाडी गच्च भरून माझ्या डोळ्यांदेखत बाहेर पडली. मी ताडकन उठलो.

काकांनी हाताला धरून मला खाली बसवलं आणि पिशवीची गाठ सोडली. आत भाजलेल्या शेंगा होत्या.

"खावा," ते म्हणाले. "दुसरा ट्रक लई उशिरा येतो."