मोटारी भरणारे मिस्त्री

भूकंपानंतर लातूरला क्लास वाढले, तसं हॉस्टेलांच्या पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या एका मिस्त्रींचं कामही वाढलं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. माझा मुलगा त्यांच्याकडे शिकायला होता. त्यानं चुकीची भरलेली तांब्याची तार ते पुटपुटत उपसत, भंगारात टाकत, आणि तरी त्याला पगार देत. त्याचा हात बसला, तसा मी त्याला काढून क्लासला घालायला गेलो. पोराला लोक मिस्त्री म्हणतील, याची मला लाज वाटत होती.

मिस्त्री वैतागले. "तिथं फी भरून वर मास्तराला सर म्हनून राहिले, साब. मी माझं तांबं घालून शिकवलो, पगार दिलो. मग मी कोन?"

मुलापुढं अर्धी भरलेली मोटार होती. "एवढी पुरी करू द्या, पप्पा," तो म्हणाला.

मी करू दिली नाही.